मी न पाहिलेलं पेव

पंचनाम्यावर मी सही केली तेव्हा झडती व्हायची होती. ही चूक माझीच. जमादाराने काही माझा हात धरला नव्हता.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. वडनेरजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. होळीनंतर तिथल्या देशमुखांच्या घरचे चांदीचे गोठ चोरीला गेले. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांच्याशी भांडलेल्या एका शेतकऱ्याला जमादाराने धरलं आणि मला चावडीवर बोलावलं.

"या गुरुजी. पंच अक्षरवाला पायजे. अंगठ्याले कोर्ट हासते."

"पण झडती?"

"थे आमी पाहून घेतो. तुमी धोतर कायले मळवता?"

सगळे हसले. मीही हसलो आणि सही केली. कागदावर लिहिलं होतं: आरोपीच्या अंगणातलं लिंपलेलं पेव पंचांसमक्ष उघडलं, जमादार लगेच आत उतरले, ज्वारीत पुरलेले गोठ निघाले. कोर्टात मी "हो, माझ्यासमोर" म्हणालो. त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली.

मी शहरात वाढलेला. जमिनीत खोल खणलेलं धान्याचं पेव कधी पाहिलं नव्हतं. ज्येष्ठात घरमालकाने आपलं पेव उघडलं तेव्हा मी कौतुकाने वाकलो. त्याने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"मराचं हाय काय, गुरुजी?"

"का?"

"बंद पेवात वाफ कोंडते. उतरला का माणूस गेलाच."

त्याने दोरीने कंदील आत सोडला. हातभर खाली जाताच तो विझला. मला नवल वाटलं. किती वेळ थांबायचं, प्रत्येक पेवात असंच होतं का, मी विचारतच राहिलो. दुपारी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा कुठे गडी उतरला. मग जमादार लगेच उतरून जिवंत कसा आला?

संध्याकाळी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला विचारलं, "जमादार पेवात किती वेळ होता?"

"पेवात? अंगणातबी नाई आला तो. आमच्या घरच्यायले वावरातूनच चावडीवर नेलं. आमचं पेव तर तुमच्या कागदानंच उघडलं, गुरुजी."

तिने पेवाचं तोंड दाखवलं. माघात केलेलं लिंपण अखंड होतं. तिच्या बोटांचे ठसे त्यावर वाळलेले होते.

मी वकिलाकडे गेलो. खोटी साक्ष कबूल केली तर खटला माझ्यावर होईल, असं त्यांनी बजावलं. तरी मी लिहून दिलं. अपील झालं, अधिकाऱ्यासमोर लिंपण फोडलं, आतली ज्वारी हललेली नव्हती. पाच महिने तुरुंगात काढून तो शेतकरी सुटला. माझी नोकरी गेली आणि दंडही झाला. जमादाराची मात्र नुसती बदली.

सामान बांधण्याआधी मी त्या शेतकऱ्याकडे गेलो. तो बैलाला वैरण टाकत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वकिलाले सांगतलं, कोर्टाले सांगतलं. मले कधी सांगता?"

कागदावर सगळं कबूल केलं म्हणजे झालं, असं मी धरून चाललो होतो. ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. शेजारी कुंपणापाशी जमले होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "मी काहीच पाहिलं नव्हतं. जमादाराला वाईट वाटू नये म्हणून सही केली आणि अब्रू जाईल म्हणून कोर्टात खोटं बोललो. तुमचे पाच महिने माझ्यामुळे गेले. मला माफ करा."