न झालेल्या टकरींच्या बागवान मॅडम

बागवान मॅडम स्वतःच्याच खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करत. दोनदा टकटक, मग "कोणी आहे का?" आणि मग उत्तराची वाट.

मला हे ठाऊक नव्हतं. पीएचडीसाठी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा शिपायाने मला त्यांच्या खोलीत बसवलं होतं. टकटक झाली. मला वाटलं, माझ्यासारखंच कुणीतरी भेटायला आलंय. मी आतून ओरडलो, "मॅडम अजून आल्या नाहीत."

"बरं, मग थांबते," बाहेरून आवाज आला.

मी आत आणि त्या बाहेर, असे आम्ही चांगली वीस मिनिटं थांबलो. शेवटी दार ढकलून एक ठेंगण्या बाई आत आल्या. अंगावर सुती साडी, पायांत धावायचे बूट. मॅडमच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "फारच उशीर करतात हो या बाई. आपण कोण?"

त्या टकटकीचं कारण मी पुढे एकदा विचारलं. "खोली रिकामी आहे असं आपण गृहीत धरतो, जाधव. कुणी तपासलंय?" त्या गंमत करत नव्हत्या. रिकामं ते खरोखर रिकामं आहे हे सिद्ध करणं हाच त्यांचा धंदा होता.

युरोपात जमिनीखाली एक प्रचंड वर्तुळाकार यंत्र आहे. वर्षातले काही आठवडे त्यात शिशाची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर सोडतात. बहुतेक शास्त्रज्ञांना ती एकमेकांवर आपटलेली हवी असतात. मॅडमना न आपटलेली हवी असत. केंद्रकं शेजारून निसटली, तरी प्रत्येकाभोवती विजेचं इतकं प्रखर क्षेत्र असतं की ते प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या झोतासारखं वागतं. फार क्वचित इकडचा फोटॉन तिकडच्या फोटॉनला भिडतो आणि दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघून जातात. बाकी शोधकयंत्रात सगळी सामसूम. ही सामसूम आम्ही पुण्यात संगणकापुढे बसून शोधायचो.

मॅडमच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. "अब्बा कलिंगड न कापता आतला रंग सांगायचे," त्या म्हणत. "मला कापूनही सांगता येत नाही. त्यालाच संशोधन म्हणतात."

दोन वर्षं झाली तरी माझा एकही शोधनिबंध नव्हता. आई हडपसरहून दोन बस बदलून थेट मॅडमच्या खोलीत आली.

"मॅडम, हा करतो काय दिवसभर?"

मॅडमनी टेबलाच्या खणातून दोन टॉर्च काढले, एक आईच्या हातात दिला आणि दोन्ही झोत एकमेकांतून आरपार नेऊन दाखवले. "बघा, प्रकाश प्रकाशाला अडत नाही. पण कोट्यवधी वेळा बघितलं, तर एखाद्या वेळी अडतो. तुमचा मुलगा ती एक वेळ शोधतोय."

आईने थोडा विचार केला. "म्हणजे जिन्यात दोघी जणी शेजारून गेल्या. धक्का नाही लागला, पण हिच्या सेंटात तिचा सेंट मिसळला. तसंच हाय ना?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हे कळायला आठ महिने लागले होते." मग आपला नंबर देऊन आईचा फोन नंबर मागून घेतला. "पुढेमागे शंका आली तर असावा."

तो नंबर मला पुढे महागात पडला.

त्या हिवाळ्यात नव्या माहितीच्या आलेखात मला एक उंचवटा दिसला. फोटॉनच्या जोड्या एका ठरावीक ऊर्जेपाशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होत्या. याचा अर्थ एखादा नवा कण असू शकत होता. मी आलेख घेऊन धावत गेलो. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. त्यांचेही कान लाल झाले होते. पण बोलल्या एवढंच, "आनंद झाला की आधी वायरी तपासायच्या. कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला सांगितलं.

सोमवारी सकाळी आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता. 'प्रकाशावर प्रकाश आदळवून पुण्याचे नाव उजळवल्याबद्दल चि. सचिन जाधव यांचे हार्दिक अभिनंदन!' माझा फोटो मामेभावाच्या लग्नातला, फेट्यातला. त्याच्या दुप्पट आकाराचे, गॉगल लावलेले आमच्या भागातले भाऊ, खाली 'भावी नगरसेवक', आणि कडेने त्यांचे नऊ कार्यकर्ते. आईने त्याचा फोटो काढून अभिमानाने मॅडमना पाठवला.

तासाभरात मॅडम विश्रांतवाडीच्या घरून रिक्षाने चौकात हजर. एका हातात कागदाची लांब गुंडाळी, दुसऱ्या हातात डिंकाची बाटली. भाऊही आले.

"मॅडम, काढायला लावू नका हो. रविवारपर्यंत तरी राहू द्या. पोराचं कौतुक हाय."

"काढा कुठे म्हणतेय मी? आमच्यात निकाल पक्का होईपर्यंत त्यावर तसं लिहायची पद्धत आहे. एवढी पट्टी लावू द्या."

पट्टीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'निष्कर्ष प्राथमिक आहे. तपासणी चालू आहे.' पण मॅडमचा हात माझ्या फेट्यापर्यंत पोचेना. पोचला तिथे, म्हणजे बरोबर 'भावी नगरसेवक'च्या खाली, त्यांनी ती चिकटवली आणि रिक्षात बसून निघून गेल्या. येणारे-जाणारे थांबून वाचायला लागले. भाऊंनी दुपारच्या आत फ्लेक्स स्वतः उतरवला.

आठ दिवसांनी मॅडमना उत्तर सापडलं. इलेक्ट्रॉन जाताना शोधकयंत्रात वाटेची रेघ सोडतो, फोटॉन सोडत नाही. चार दिवस रेघा टिपणारा एक भाग बंद पडला होता. त्या दिवसांतले इलेक्ट्रॉन बिनरेघेचे दिसले आणि आम्ही त्यांना फोटॉन समजलो. यंत्र ठणठणीत असलेल्या चांगल्या दिवसांची यादी मॅडमनी केली होती. त्यात हे चार दिवस चुकून शिरले होते.

संध्याकाळी पडद्यावर या प्रयोगातली देशोदेशीची माणसं जमली. मॅडमनी चष्मा पुसला आणि सरळ सांगितलं, "उंचवटा खोटा आहे. यादी माझी होती. चूक माझी आहे." निवृत्ती जवळ आलेल्या बाई, आणि जन्मभरात एवढा मोठा निकाल एकदाच हाताशी आलेला. कुणीतरी हसलं. एकाने सौम्यपणे विचारलं, की भाग बंद असल्याची नोंद यंत्राच्या नोंदवहीत होती, ती आधी कुणाच्याच नजरेस कशी पडली नाही? मॅडम म्हणाल्या, "माझ्या पडली नाही."

माझ्या पडली होती. उंचवटा दिसला त्याच दिवशी मी नोंदवहीचं ते पान संगणकावर उघडलं होतं. 'एक भाग बंद' हे वाचलं होतं आणि पान मिटलं होतं. उंचवटा इतका देखणा होता. त्या बैठकीत मी माझा माईक बंद आहे ना, एवढंच पुन्हा पुन्हा बघत बसलो.

ते चार दिवस गाळून आम्ही सगळं नव्याने केलं. निकाल सिद्धांतात सांगितलाय तेवढाच आला. दोन वर्षांनी माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग यात नवीन काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "पण आता ते तपासलेलं आहे."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. परीक्षा संपल्यावर म्हणाल्या, "बरं बोललात." पुण्यात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही, आणि म्हणूनच ती मला गिळवेना. जिन्यातच मी सांगून टाकलं, "मॅडम, ती नोंद मी आधीच वाचली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"पान कुणी कधी उघडलं, हे संगणक लिहून ठेवतो हो. तुमचं नाव होतं तिथे."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"यादी माझीच होती, त्यात खोटं काय बोलले? आणि तुमचं तुम्ही कधी सांगताय, ते मला बघायचं होतं." त्या एक पायरी उतरून थांबल्या. "दोन वर्षं लागली. फार उशीर केलात, जाधव. मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. एकदा तर वाटलं, ही घटना आता काही घडत नाही."

त्यांनी पर्स चाचपली, पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"नवी माहिती आलीय. चांगल्या दिवसांची यादी आता तुम्ही करा."