नीलाबाईंनी उपटलेली वायर

नीलाबाईंचा राग बीडच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. भाजीवाले मापात मारायचे ते इतरांना, त्यांना नाही. नवरा गेल्यावर त्यांनी बसस्टँडजवळ एसटीडी बूथ चालवला, आणि घरोघर मोबाइल आल्यावर त्याच जागी इंटरनेट कॅफे काढला. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि समोर चार कॉम्प्युटर. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण गिऱ्हाईक काय चाळे करतंय हे त्यांना त्याच्या पाठीवरून कळायचं. अशी चिडखोर माणसं आहेत म्हणून बाजार थोडा तरी सरळ चालतो, असं माझं मत आहे.

अमरसिंह रोज दुपारी त्यांच्याकडे यायचा. त्याचा बाप रामकिसन हा आष्टीकडचा मोठा जमीनदार आणि पुढारी. नीलाबाईंचा गाळाही त्याच्याच मालकीचा. हे लाडकं कार्टं कानाला हेडफोन लावून नेटवर रंगीत बॉल काठीनं भोकात ढकलायचा खेळ खेळायचं. समोर कुठल्याही गावचा माणूस असायचा, आणि खेळता खेळता त्याच्याशी बोलता यायचं. एका दुपारी लातूरला शिकणाऱ्या ईश्वरी नावाच्या पोरीनं त्याला डावामागून डाव हरवलं. आपल्या हॉस्टेलचं नाव ती आधी गप्पांच्या भरात सांगून बसली होती.

हेडफोन लावलेला माणूस ओरडत असतो आणि त्याला वाटतं आपण हळूच बोलतोय. अमरसिंहचा शब्दन् शब्द नीलाबाईंनी ऐकला. "लई माजलीस का? तुझं हॉस्टेल मला ठाव हाय. तोंड दाखवायच्या लायकीची ठेवणार न्हाई तुला. थांब, निघालोच!"

नीलाबाईंनी उठून त्याच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. "ऊठ! माज्या दुकानात असली भाषा चालायची न्हाई."

तो हसला. "अवो मावशी, खेळातलं बोलनं हाय. मी तिला दिसतो का?"

त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.

ईश्वरीच्या वडिलांनी तक्रार केली. पोलिसांनी माग काढला, तर कनेक्शन नीलाबाईंच्या नावावर. हवालदार दारात येऊन म्हणाला, "धमकी तुमच्या लाइनवरून गेली. उद्या ठाण्यात येऊन मानूस दाखवा, न्हाई तर तुमीच आरोपी." त्याची पाठ वळते न वळते तोच रामकिसनचा निरोप आला, संध्याकाळी महादेवाच्या देवळात या.

श्रावणी सोमवार होता, अर्धा बाजार दर्शनाला लोटलेला. पोरानं बापाला 'मी नव्हतोच' असं सांगितलं होतं आणि बापानं ते खरं धरलं होतं. आमच्याकडे बेल उचलून बोललेल्या शब्दावर पुन्हा कोणी वाद घालत नाही. त्याच भरवशावर रामकिसननं सगळ्यांदेखत आवाज चढवला. "नीलाबाई, पिंडीवरचा बेल उचला आन सांगा, माजं लेकरू न्हवतं. एकदा सांगा, मंग गाळा जन्मभर तुमचा."

नीलाबाईंनी बेल उचलला आणि अमरसिंहपुढे धरला. "मी कावून सांगू? ज्याचं तोंड त्यानं सांगावं. धर, आन म्हन, मी न्हवतो."

अमरसिंहनं हात पाठीमागे नेले.

"अरे, धर की!" बाप खेकसला.

"दादा, ते... नुसतं खेळातलं बोलनं हुतं."

नीलाबाई पायऱ्या उतरून थेट ठाण्यात गेल्या आणि जबाब देऊन आल्या. आठवडाभरात त्यांचे कॉम्प्युटर हातगाडीवर आले. बेल उचलायला लावणाऱ्यानंच गाळा काढून घेतला, आणि देवळात हे सगळं बघणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्या सगळ्यांची शिसारी येते.

खटला रेंगाळत रेंगाळत उभा राहिला. अमरसिंहचा वकील म्हणाला, खेळातली गरमागरमी आहे, कोणी कोणाला बोटही लावलेलं नाही. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. भीती घालणं हाच गुन्हा. समोर उभं राहून घातली काय आणि तारेतून घातली काय. कैदेची शिक्षा झाली. अपील झालं, जामीन झाला, आणि पोरगा त्याच दुपारी जीपमधून घरी गेला. त्याची ठरलेली सरकारी नोकरी तेवढी पडताळणीत गेली. मला एवढ्यानं समाधान नाही.

ईश्वरी साक्षीला आली होती. त्या प्रकारानंतर तिनं हॉस्टेल सोडलं होतं, परीक्षाही दिली नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात ती नीलाबाईंजवळ आली.

"मावशी, वायर तुम्ही काढली होती, हे मला आज तुमच्या साक्षीत कळलं."

"व्हय. तुला त्याचं आनखी काय ऐकाया लागू नये म्हनून."

"तो 'निघालोच' म्हणाला आणि आवाज एकदम बंद झाला. कुठून बोलतोय ते मला कुठं माहीत होतं? मला वाटलं, खरंच निघाला. बाबा येईपर्यंत मी जिन्याखाली लपून बसले होते."

ती वायर उपटल्याची गोष्ट नीलाबाईंनी तोवर बाजारभर अभिमानानं सांगितली होती. त्या मटकन बाकावर बसल्या आणि पोरीचा हात धरून म्हणाल्या, "बाई गं, मला वाटलं, मी तुला वाचवलं."