शिवकांताक्का आणि बंद पडलेला टीव्ही गेम

"आधी पुसा, मग उसवा." शिवकांताक्कांचे हे चार शब्द सास्तुरातल्या लेकराबाळांनाही पाठ आहेत. कुणाचा मिक्सर अडला, कुणाचा पंखा रुसला, की अक्का पदर खोचून त्याच्यापुढं मांडी घालतात, हे म्हणतात आणि फडकं हातात घेतात. पेचकस नंतर.

ही विद्या त्यांना कुठल्या शाळेनं दिली नाही. भूकंपात गाव बसलं आणि माणसं पत्र्याच्या शेडात राहायला गेली, त्या वर्षी त्यांनी ढिगाऱ्यातून स्वतःची शिलाई मशीन ओढून काढली. आत ओंजळभर माती. पंचविशीतल्या शिवकांतानं आठ दिवस ती माती कापडानं आणि काडीनं टिपली. नवव्या दिवशी, एकही स्क्रू न काढता, मशीन चालली. मग शेडाशेडांतून बायका आपापल्या मशिनी घेऊन यायला लागल्या. मशिनींमागून रेडिओ आले, रेडिओंमागून मिक्सर आले. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्कांच्या हाताखालून काय गेलं नाही, तेवढंच विचारावं.

टीव्ही गेम मात्र गेला नव्हता. तो माघ महिन्यातल्या एका दुपारी आला.

बोलवायला आली ती गायत्री. तिचा नवरा योगीराज चाळिशी ओलांडलेला, अंगानं धिप्पाड. सोयाबीनच्या मळणीत त्याचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. हाडं जुळली, पण बोटं आखडली. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसभर बोटं हलवा, उन्हाळ्याच्या आत सुटली नाहीत तर जन्मभर अशीच राहतील. हातात रबरी चेंडूही दिला होता. योगीराजनं तो बाजेखाली भिरकावला. बायकोनं फारच लावून धरलं तेव्हा माळ्याकडं बघत म्हणाला, "तो गेम चालू करून दे. मग दिवसभर हलवतो." गेम लहानपणी मामानं सोलापूरहून आणलेला आणि कैक वर्षं मुका पडलेला. तो बोलणार नाही, ही खात्री होती म्हणूनच योगीराज बोलला होता. गायत्रीनं मात्र शब्द पदरात बांधून घेतला आणि थेट अक्कांचं दार गाठलं.

अक्का पोचल्या तेव्हा योगीराज बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याचे वडील कोंडीराम उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. त्यांनी अक्कांची पिशवी पाहिली आणि मिशीत हसले.

"अक्का, ह्याला काय टीप मारायचीय व्हय?"

"मारावी लागली तर मारीन की आबा," म्हणत अक्का टीव्हीपुढं बसल्या.

वायरी जोडल्या, गेमच्या डब्याच्या वरच्या खाचेत खेळाची कॅसेट बसवली. पडदा नुसता करडा. गायत्रीनं कॅसेट उपसून तोंडाशी नेली, लहानपणी सगळीच पोरं मारत तशी फुंकर मारायला. अक्कांनी तिचा हात धरला. फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि थुंकी तांब्याला खाते, एवढं समजावून त्यांनी कॅसेटचे दात खोडरबरानं घासले, स्पिरिटनं पुसले. पडदा करडाच. दुसरी कॅसेट घातली. करडाच. वीज बरोबर येत होती, वायर कुठं तुटली नव्हती.

"नाहीच चालणार तो," बाजेवरून योगीराज बोलला. त्या आवाजात दुःखापेक्षा सुटका जास्त होती. अक्कांना ती टोचली. हा गडी हरायलाच बसलाय, त्यांच्या ध्यानात आलं.

मग मात्र त्यांनी डबा उसवला. कॅसेट जिथं बसते त्या खाचेत पितळी दातांच्या दोन रांगा होत्या. अक्कांनी जाड कागदाला कापड गुंडाळलं, रांगांमध्ये सरकवलं आणि बाहेर ओढलं. कापड पिवळं झालं होतं. गंज एवढा पिवळा नसतो. त्या बराच वेळ तो डाग न्याहाळत राहिल्या. मग उंबऱ्याकडं हात पसरला.

"आबा, चुन्याची डबी द्या."

अक्का शेवटी तंबाखूला लागल्या, या आनंदात आबांनी लगोलग डबी पुढं केली. अक्कांनी नखभर चुना त्या डागाला लावला. डाग लालभडक झाला.

"हळद हाय," अक्का म्हणाल्या.

गायत्रीनं तोंडाला पदर लावला. मग सगळं बाहेर आलं. दर खंडेनवमीला आबा विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली पाटावर मांडत, आणि माळ्यावरून हा गेमही उतरवत. वायर लागते ते यंत्र, आणि यंत्राची पूजा चुकवायची नाही, असा त्यांचा नेम. हळद, कुंकू, अक्षता, वर फुलानं शिंपडलेलं पाणी. आणि सगळं नेमकं त्या खाचेत, कारण आबांच्या हिशेबी ते यंत्राचं तोंड. तीस वर्षं हा नैवेद्य चालू होता.

"मग काय, ल्योकाच्या यंत्राला म्या उपाशी ठेवू?" आबा गुरगुरले, पण नजर खाली गेली.

"उपाशी नका ठेवू. पाठीवर लावा की टिळा. तोंडात कशाला कोंबता?"

भिंतीकडं वळलेला योगीराज कूस बदलून बापाकडं बघू लागला.

अक्कांनी पिशवीतून शिलाई मशीनची सुई काढली. एकेक दात खरवडला, दबलेला हळूच उचलला, स्पिरिटनं धुतला. कोपऱ्यातून अक्षतांचा अख्खा तांदूळ निघाला. तोही त्यांनी फेकला नाही, आबांच्या तळहातावर ठेवला. मग डबा अंगणात उन्हाला धरला आणि अंग गरम झाल्यावर परत मिटवला.

या वेळी पडदा निळा झाला. ढग आले, टीचभर माणूस आला, किणकिणतं गाणं सुरू झालं. योगीराज बाजेवर उठून बसला. अक्कांनी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला.

"डाव्या हातानं चालवायचं, उजव्या अंगठ्यानं उडी. शब्द दिलायस तू."

पहिल्यांदा अंगठा हललाच नाही, माणूस खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदाही. योगीराजच्या कपाळावर घाम आला. आबा उंबरा सोडून बाजेशी येऊन उभे राहिले. सातव्या खेपेला अंगठा कसाबसा वाकला, बटण दाबलं गेलं आणि माणूस खड्ड्यापल्याड पडला.

"अक्का, लई दुखतंय."

"दुखू दे. पुढं अजून खड्डे हायती."

गायत्री चहा टाकायला आत गेली. अक्का थांबल्या नाहीत. पिशवी काखेला मारून ओटा उतरल्या. योगीराजची नजर पडद्यावरून हलत नव्हती, त्याला त्या गेल्याचं कळलंही नाही. कोंडीराम आबा तेवढे बाहेर आले. भूकंपानंतर वसलेल्या नव्या वसाहतीचा रस्ता सरळसोट, जाणारा माणूस टोकापर्यंत दिसतो. अक्का मधोमध, आपल्या चालीनं चालल्या होत्या. आतून पुन्हा खड्ड्यात पडल्याचा आवाज आला, पुन्हा गाणं सुरू झालं. आबा डोळ्यांवर हात धरून, अक्का शेवटच्या गल्लीत वळेपर्यंत, ओट्यावर उभे राहिले.