सीटखालच्या दोन केबल

परंड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं हातातून तारच गेली. त्यामुळे चाचांनी धाराशिवजवळच्या आपल्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये, दोन माणसांचं छोटं विमान बांधायला घेतलं तेव्हा रेडिओ, इंटरकॉम आणि मीटरांची जोडणी माझ्याकडे आली. चाचा म्हणजे माझे उस्ताद. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पाना कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. दर रविवारी मी सकाळच्या गाडीनं त्यांच्याकडे जायचो.

शेडमध्ये त्यांचा एक कायदा होता. ज्यानं बसवलं त्यानं तपासायचं नाही. दुसऱ्यानं पाहायचं, मोठ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं आणि वहीत सही करायची.

एका रविवारी रेडिओच्या तारांचा जुडगा सीटखालून न्यायचा होता. तिथं विमान कलवायच्या दांडीपासून पंखांकडे जाणाऱ्या दोन पोलादी केबल आड येत होत्या. त्या चाचांनी स्वतः बसवलेल्या. मी त्या सोडवल्या, तारा नेल्या आणि परत जोडताना पाहिलं, तर चाचांनी त्या एकमेकींवरून ओलांडून नेलेल्या होत्या. आमच्या धंद्यात तारेवर तार चढवणाऱ्या माणसाला गबाळा समजतात. म्हाताऱ्याची नजर गेली, असं मनात आलं. मी त्या सरळ, नीट, समांतर जोडल्या. त्यांना विचारलं नाही. सांगितलंही नाही. वरून फळी लावून टाकली.

संध्याकाळी चाचा सीटवर बसले. “मागं उभा राहून बग रे, पट्ट्या नीट हलतात का.”

पंखाच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात, त्यांच्यामुळे विमान कलतं. मी मागे अँटेनाची तार बांधत होतो, मन गाडीच्या वेळेत होतं. मान वर न करता मी म्हणालो, “बरोबर.” वहीत सहीही केली.

पुढच्या रविवारी विमान पहिल्यांदा बाहेर काढलं. परवानगीचे कागद व्हायचे होते, म्हणून मुरमाच्या धावपट्टीवर नुसतं धावायचं ठरलं होतं. पण इतकी हलकी वस्तू. वारा भरला तर चाकं जमिनीवरून उचलायला वेळ लागत नाही. चाची डबा घेऊन आल्या होत्या.

“ह्या वयात लोकं हजला जातात,” त्या म्हणाल्या. “आमचं येडं पत्र्यात बसून चाललंय.”

“सलाम तरी घे,” चाचा आतून म्हणाले आणि दांडी डावीकडे कलवली.

मी मागेच उभा होतो. दांडी डावीकडे गेली की डावी पट्टी वर उठायला हवी. ती खाली गेली. मी सरळ जोडल्यामुळे पट्ट्या उलट्या हलत होत्या; चाचांनी केबल का ओलांडल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. वाऱ्यानं डावा पंख उचलला असता तर तो खाली आणायला चाचा दांडी डावीकडेच दाबणार होते, आणि पंख आणखी वर जाणार होता.

“चाचा, थांबा! इंजिन लावू नका. एक नट ढिला वाटतोय.”

हे खोटं मी त्यांच्या तोंडावर बोललो. ते उतरले, चाचींजवळ सतरंजीवर जाऊन बसले. मी फळी काढली, केबल ओलांडून जोडल्या, जोड सुटू नये म्हणून सेफ्टी वायर पिळली. अर्ध्या तासाचं काम. कुणाला काही कळणार नव्हतं.

“झालं का?” चाचांनी विचारलं. “नट कुठला होता?”

मी पाना खाली ठेवला. मग सगळंच बाहेर आलं. केबल मी सोडवल्या, तुम्हाला गबाळं समजलो, न बघता बरोबर म्हणालो, आत्ताही खोटं बोललो. बोलताना मी त्यांच्या पायांकडेच पाहत होतो.

चाचांनी विमानाकडे पाहिलं. “म्या मान वळवली असती तर मलाबी दिसलं असतं,” ते म्हणाले. “न्हाय वळवली. तू बरोबर म्हनलास ना.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“आता चाचीला सांग,” ते म्हणाले. “तिचा नवरा बसनार व्हता त्यात.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. चाचींच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. त्या आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग नवऱ्याकडे. “आनि तुमाला मान न्हाय का?” एवढंच म्हणाल्या. डोळे पदरानं पुसले आणि माझ्यापुढे भाकरी सरकवली. मी तिला हात लावला नाही. “खा,” त्या म्हणाल्या, “उपाशी हातानं आनखी काय जोडशील.”

त्या दिवशी विमान धावलं नाही. तिघांनी ते ढकलत शेडमध्ये नेलं.

माफ केलं का, हे मी चाचांना आजवर विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी मी येऊ का, असं फोनवर विचारलं, तर ते चिडले. “मग तपासनार कोन? तुझी चाची?”

मी गेलो. चाचा सीटवर बसले आणि दांडीला हात लावण्याआधी त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं.