उंबऱ्यावरचा सोनचाफा

पुण्यात सोनचाफा म्हणजे कुंपणाशी लावलेलं कलम, हाताला फुलं येतील एवढंच. त्यामुळे बंगळुरात, बसवनगुडीतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी तीन मजले उंच, सरळसोट खोडाकडे बोट दाखवून "संपिगे, तुमच्याकडचा सोनचाफा" म्हटलं, तेव्हा मला ते पटेना. हे मूळचं डोंगरातल्या दाट जंगलातलं झाड. त्यांच्या सासऱ्यांनी कोडगूहून रोप आणलं होतं.

बाई बेळगावच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि पुण्यातल्या कीव करणाऱ्या नजरांना विटून मी इथली संगणकाची नोकरी धरली होती. अक्कांनी नवऱ्याचं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रोज सकाळी त्या आकडीनं फुलं काढायच्या आणि एक माझ्या उंबऱ्यावर ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी गोंधळूनच गेले. आमच्याकडे विधवेला कुणी फूल देत नाही. ह्या न कळून देतात की कळून? सांगावं तर फूल बंद होणार, न सांगावं तर फसवल्यासारखं. मी ते वाटीत पाण्यावर ठेवायचे. केसात माळावंसं वाटलं की स्वतःचाच राग यायचा. एरवी रूढींना नाकं मुरडणारी मी, इथे मात्र धड ना इकडची ना तिकडची.

पावसाळ्यात आई राहायला आली. एका संध्याकाळी अक्कांकडे कॉफी प्यायला गेली आणि माझं सगळं सांगून आली. "लोकांना आधी कळलेलं बरं असतं," म्हणाली. मला भांडायचं होतं, पण नक्की कशावरून तेच सुचेना.

दुसऱ्या सकाळी उंबरा रिकामा होता. मी खाली गेले.

"अक्का, आज फूल नाही?"

"सरली की गं. आता स्वल्प दिवस थांबायचं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. शेंड्याकडे काहीतरी पिवळं होतं, पण फुलं की पिकली पानं ते कळेना. वास तर येत होता. मला एकदम चीड आली, अक्कांची की आईची की माझी, देव जाणे. आकडी उचलून मी तडक गच्चीवर गेले आणि एक फांदी ओढली. चांगलं टपोरं फूल हाती आलं.

वळले तर मागे आई उभी. तिच्यादेखत मी ते फूल वेणीत खोचलं आणि ती काय बोलते त्याची वाट पाहत राहिले. जवळ येऊन तिनं स्वतःच्या अंबाड्यातली पिन काढली आणि फूल नीट बसवलं.

"मग काल सांगितलंस कशाला?" मी विचारलं.

"मलाच कळत नाही गं," आई म्हणाली, आणि फूल हलत तर नाही ना, ते पुन्हा एकदा चाचपून बघितलं.