आईनं सूत काढलं तो दिवस

गेल्या हिवाळ्यात आई राधानगरीकडच्या आमच्या गावाहून नवा चष्मा घ्यायला माझ्याकडं कोल्हापूरला आली होती. काम लवकर आटोपलं. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून म्हटलं, "चल, देश स्वतंत्र कसा झाला त्याचं संग्रहालय दाखवते."

"फोटूच असत्यात की तिथं," ती म्हणाली. तरी आली.

होतेही फोटोच. मोर्चे, सभा, तुरुंग. आई नव्या चष्म्यातून भराभर बघत निघाली होती. शेवटच्या दालनात मात्र थबकली. तिथं शाळेची सहल बसली होती आणि माहिती सांगणारी तरुण मुलगी टकळीवर सूत काढून दाखवत होती. धागा वीतभर यायचा नि तुटायचा. तिसऱ्यांदा तुटला तशी मुलं खिदळली.

"पोरी, कापूस लई आवळलायस!" आई लांबूनच ओरडली. सगळं दालन वळलं. मी तिचा हात ओढला.

मुलीनं विचारलं, "तुम्हाला येतंय आजी?"

"न यायला काय झालं? शाळंत तास असायचा की."

पदर खोचून ती सतरंजीवर बसली. कापसाचा पेळू दोन बोटांत अलगद धरला, टकळीला गिरकी दिली आणि हात वर नेला. धागा निघतच राहिला. तो डोक्याच्या वर गेला तशी मुलं उठून उभी राहिली आणि टाळ्या सुरू झाल्या.

एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही स्वातंत्र्यलढ्यात होता?"

"न्हाय गं. मी जल्माला यायच्या आत सगळं आवरलंतं."

माझी पन्नाशी आली. आईला हे येतं हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर आल्यावर तसं म्हटलं.

"टकळी घरात कुठं होती? शाळंची शाळंतच ऱ्हायली," ती म्हणाली. "गणितात छडी खायची, पण सुतात पयला नंबर माझा."

एसटी चुकली. आईला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता सहल यायची असली की ती माहिती सांगणारी मुलगी आईला फोन करते. म्हैस जावेवर सोपवून आई येते. परवा तर परस्पर संग्रहालयातच गेली आणि तिथनं मला फोन केला, "जेवायला आम्ही दोघी येतोय. भात वाढीव टाक."