मस्कतहून सूरला, वाटेत ग्वादर

मस्कतला लेकीकडे जाऊन घरात बसून राहायचं नाही, हे मी विमानातच ठरवलं होतं. वादी कबीर भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये चार दिवस काढले आणि शनिवारी सूर या बंदरगावी जायचं जाहीर केलं. नात रिया म्हणाली, "आजी, रविवारी माझी स्पीच आहे!" म्हटलं, गाडीत पाठ कर.

गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. रस्ता गुळगुळीत, दोन-अडीच तासांत पोचता. पण वाटेत थांबायचं असतं. सकाळी सहाला निघाच, नंतर ऊन कुणाचं ऐकत नाही. जाताना डावीकडे समुद्र, उजवीकडे बोडके डोंगर. आमचे ड्रायव्हर मुराद, पन्नाशीचे ओमानी बलुची. हिंदी फर्डं.

रियाचा विषय होता, तरुण अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला तो निर्णय. इंग्रजी भाषण मीच लिहून दिलं होतं. तीस वर्षं इतिहास शिकवलाय. शेवट दणदणीत: एकही गोळी न झाडता देश दुप्पट, सगळ्यांचाच फायदा! रिया नेमकी तिथे अडखळत होती.

मुराद आरशात बघत म्हणाले, "मॅडम, हमारा गाँव भी बिका था. ग्वादर."

समुद्रापलीकडचं ते बंदर ओमानचं होतं. १९५८ साली पाकिस्तानने, म्हणजे अकरा वर्षांच्या देशाने, ते विकत घेतलं. मुरादचे वडील मस्कतला आले, काका तिथेच राहिले.

"लड़ाई तो नहीं हुई ना?" मी विचारलं.

"नहीं. लेकिन किसी ने पूछा भी नहीं."

रिया माझ्याकडे वळली. "आजी, लुइझियानाच्या लोकांना आस्क केलं होतं?"

"नाही. मूळ रहिवासी होते, गुलाम होते. कुणालाच नाही."

"मग तू सगळ्यांचा फायदा का लिहिलं?"

"परीक्षकांना टाळ्यांचा शेवट लागतो म्हणून. पुढे म्हण."

ती म्हणेना.

वाटेतल्या वादी शाबला, म्हणजे डोंगरातल्या पाणथळ दरीत, होडीने पलीकडे जायचं, माणशी एक रियाल. पुढे पाऊण तास दगडांतून चाल. चपला नकोत, बूट घाला. रिया हिरव्या पाण्यात उतरली, मी काठावर खजूर संपवले. सूरला तळलेली सुरमई आणि भात. जेवता जेवता मुरादनी ग्वादरला काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"चाचा, सूर की मछली खा रहा हूँ!"

"वो मछली है? चारा है चारा! इधर आ, खिलाता हूँ."

"आप ही वापस आ जाओ."

"हम बिका हुआ माल हैं, वापस नहीं होते!"

दोघंही खदाखदा हसले. रिया फोनपाशी सरकली. "चाचाजी, आपको सच में किसी ने नहीं पूछा?"

चाचा म्हणाले, "तब मैं बच्चा था, बेटी. पर उसके बाद भी किसी ने नहीं पूछा. तुम पहली हो."

परतीच्या वाटेवर रियाने माझा शेवट खोडला. मी पेन हिसकावून घेतलं नाही, माझं योगदान तेवढंच.

रविवारी ती ग्वादरच्या चाचांबद्दल बोलतच राहिली, वेळ संपल्याची घंटा झाली तरी. गुण कापले, नंबर हुकला. लेक हळहळली. घंटेनंतर बोलणाऱ्यांचे गुण मीही जन्मभर कापत आले. त्या दिवशी पहिली टाळी माझी होती.

नाशिकला येऊन महिना झाला. गेल्या शुक्रवारी रियाचा फोन आला. "आजी, अमेरिकेने अलास्कापण विकत घेतलं ना? तिथे आधी कोण राहायचं?"

मला धड एका जमातीचं नाव सांगता येईना. म्हटलं, "माहीत नाही. शोधून सांगते."

तीस वर्षांत वर्गात हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं.